गिअरची मूठ घट्ट हवी!

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली गाडी खंबाटकीचा घाट चढत होती. पुढे उसाने लादलेला ट्रक रांगत असेल, तर तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर येण्यावाचून गत्यंतर नसते. प्रस्तुत प्रतिनिधीनेही नेमके तेच केले. क्लच दाबला, दांडा मागे ओढला आणि दांडा अर्ध्यावर राहून त्याच्या टोकावरचा चकचकीत नॉब तेवढा हातात आला. मागच्या आसनावर आई आणि सहा वर्षांची मुलगी, त्यामागे हॉर्न वाजवणारी बस आणि चढावर न्यूट्रलमध्ये लोंबकळणारी गाडी, असा तो प्रसंग. उघड्या सळईला तसेच धरून दुसरा गिअर टाकला, तळहाताला खरचटले, गाडी पुढे सरकली आणि प्रसंग निभावला. तो दोन-तीन सेकंदांचाच असेल. मात्र ते सेकंद अजून विसरता येत नाहीत.

गाडी जुनी घेतलेली होती. आधीच्या मालकाने हौसेने कुठल्याशा अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातून तो नॉब बसवून घेतला होता. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने तो उलटा करून दाखवला, तेव्हा उलगडा झाला. नॉबच्या आत आटेच नव्हते. सळईवर नुसतीच टोपी घालावी तसा तो घातलेला होता आणि बाजूने बसवलेल्या तीन बारीक स्क्रूंवर त्याची सारी भिस्त होती. रस्त्याच्या हादऱ्यांनी ते स्क्रू कधीच सैल झाले होते.

गिअरचा नॉब आणि त्याखालचे घडीदार आवरण बदलणे, हे गाडीतल्या अगदी किरकोळ कामांपैकी एक समजले जाते. ते तसे आहेही. साधारण हात चालणाऱ्या कोणालाही ते घरी, अर्ध्या-पाऊण तासात करता येते. मात्र ते करताना काय पाहावे आणि कशाच्या मोहात पडू नये, हे ठाऊक हवे. स्टिअरिंग आणि ब्रेकखालोखाल चालकाचा हात-पाय ज्याच्यावर सतत पडतो, तो भाग म्हणजे गिअर. त्याची मूठ केवळ शोभेची वस्तू असू शकत नाही.

स्टिअरिंगवरून जमिनीवर

आपल्याकडच्या जुन्या पिढीच्या चालकांना गिअरच्या दांड्याखाली आवरण असते, हे फारसे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. अ‍ॅम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत गिअरचा दांडा बहुतांशी स्टिअरिंगच्या बाजूला असे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसून चालकाचा तो हात वरखाली होताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सांगायला नको. अशी शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस ती मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने मात्र दोन आसनांच्या मधोमध, जमिनीतून वर आलेला गिअरचा दांडा घरोघरी पोहोचवला. दांडा जमिनीतून वर आला, की जमिनीला भोक पडते आणि भोक पडले, की ते झाकावे लागते. तेच हे आवरण. दुकानदार त्याला गिअर कव्हर म्हणतात, मेकॅनिक बूट म्हणतात.

नॉबच्या हौसेचा इतिहासही जुना आहे. आपल्याकडे ट्रकच्या गिअरवर आत फूल गोठवलेला पारदर्शक नॉब कित्येकांनी पाहिला असेल. तिकडे जर्मनीत फोक्सवॅगनने १९७६ मध्ये गोल्फ जीटीआय ही गाडी बाजारात आणली, तेव्हा तिच्या गिअरवर चक्क गोल्फच्या चेंडूच्या आकाराचा नॉब होता. गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या महिला डिझायनरची ती कल्पना. गमतीने सुचलेली ती गोष्ट पुढे त्या गाडीची ओळखच होऊन बसली. मुठीएवढ्या वस्तूने गाडीचा स्वभाव सांगता येतो, हे त्यातून दिसले. आज अ‍ॅक्सेसरीजच्या प्रत्येक दुकानात काचेखाली मांडलेल्या नॉबच्या रांगा असतात, त्याचे मूळ याच हौसेत आहे.

बदलायचा कधी आणि का?

हौस हे एक कारण झाले. पण बहुतेक वेळा नाइलाज हे कारण असते. रोज हाताचा घाम, धूळ आणि ऊन सोसून नॉबचे चामडे किंवा रेक्झिन सोलवटते. काही गाड्यांत प्लॅस्टिकवर मऊ स्पर्शाचा थर दिलेला असतो. दमट हवेत काही वर्षांनी तो चिकट होऊन हाताला लागू लागतो. २०२० च्या साथीनंतर सॅनिटायझर लावलेल्या हातानेच गिअर टाकण्याची सवय लागली, त्यातल्या अल्कोहोलने चामडे कोरडे पडून तडकण्यास हातभार लावला. बूटचे दुखणे वेगळे. त्याच्या घड्या दिवसातून शेकडो वेळा उघडतात आणि मिटतात. प्रथम घडीवर पांढरी रेघ उमटते, मग चीर पडते आणि एके दिवशी त्यातून आतला दांडा डोकावू लागतो.

फाटलेला बूट केवळ दिसायला वाईट नसतो. त्यातून इंजिनचा व रस्त्याचा आवाज, धूळ आणि उष्ण हवा आत येऊ शकते. इथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणाऱ्या बोलेरो किंवा इनोव्हा क्रिस्टासारख्या गाड्यांत गिअरबॉक्स आसनांच्या पुढ्यात, जमिनीखाली असतो आणि दांडा तिथूनच वर येतो. त्यामुळे दिसणाऱ्या बूटच्या खाली रबराचे दुसरे, जाड आवरण असते. पाणी, धूर आणि उष्णता अडवण्याचे खरे काम ते करते. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत दांडा गिअरबॉक्सपर्यंत जात नाही. केबल किंवा सळ्यांच्या जोडणीने त्याची हालचाल बॉनेटखाली पोहोचवली जाते. पावसाळ्यात गाडीत डिझेलचा वा तेलाचा वास येत असेल, पायापाशी गरम हवा लागत असेल, तर वरचा सुंदर बूट बदलून उपयोग नाही. आतले रबर तपासायला हवे.

आणखी एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. गिअर अडखळत असेल, खरखर आवाज करत असेल किंवा टाकल्यावर निसटत असेल, तर त्याला नॉब जबाबदार असण्याची शक्यता फार कमी. क्लच पूर्ण सुटत नसणे, जोडणीतील बुश झिजणे, केबल ताणली जाणे, गिअरबॉक्समधील तेल जुने होणे अथवा आतील सिंक्रोनायझर झिजणे, ही त्याची कारणे. नवा नॉब या दुखण्यावर पांघरूण घालील, औषध देणार नाही.

आट्यांचे गणित

नॉब दांड्यावर बसवण्याच्या मुख्यतः दोन पद्धती आहेत. जपानी गाड्यांत सहसा दांड्याच्या टोकाला बाहेरून आटे असतात आणि नॉब त्यावर नटासारखा फिरवून बसवतात. अनेक युरोपीय गाड्यांत आटे नसतात. नॉब वरून दाबून बसवलेला आणि क्लॅम्पने किंवा खटक्याने पकडलेला असतो. आपली गाडी कोणत्या गटात मोडते, हे दुकानात जाण्याआधी माहीत करून घ्यावे.

आट्यांचा नॉब असेल, तर दोन मापे जुळावी लागतात. पहिले दांड्याचा व्यास आणि दुसरे दोन आट्यांमधील अंतर. होंडाच्या गाड्यांत सामान्यतः व्यास १० मिलिमीटर आणि अंतर १.५ मिलिमीटर असते. माझदाच्या गाड्यांत व्यास तोच, पण अंतर १.२५. टोयोटाच्या अनेक गाड्यांत व्यास १२ आणि अंतर १.२५. डोळ्यांना १.२५ आणि १.५ मधला फरक दिसत नाही. लोखंडाला मात्र तो कळतो. चुकीच्या मापाचा नॉब पहिले एक-दोन वेढे सुरळीत फिरतो आणि मग अडतो. तो जोर लावून फिरवला, की आटे मरतात. नॉबचे आटे मेले तर नॉबच टाकून द्यावा लागतो. दांड्याचे मेले तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

माप ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. हार्डवेअरच्या दुकानातून वेगवेगळ्या मापांचे दोन-तीन नट विकत आणावेत आणि ते हातानेच दांड्यावर फिरवून पाहावेत. दहा मिलिमीटरचा जो साधा नट कुठेही मिळतो, तो १.५ अंतराचा असतो, १.२५ चा नट बारीक आट्यांचा म्हणून मागून घ्यावा लागतो. जो नट बोटांनी, पाना न लावता, तळापर्यंत सरसर जातो, ते आपल्या दांड्याचे माप. ते कागदावर लिहून मगच नॉब पाहायला जावे.

'कुठल्याही गाडीला बसेल' असे लिहिलेले नॉब हा मोहाचा दुसरा विषय. त्यातील काहींसोबत वेगवेगळ्या आट्यांच्या धातूच्या कड्या मिळतात. आपल्या दांड्याला जुळणारी कडी त्यात असेल आणि ती नॉबमध्येही घट्ट बसत असेल, तर हरकत नाही. मात्र काहींमध्ये प्लॅस्टिकची गुळगुळीत नळी आणि बाजूने तीन बारीक स्क्रू एवढेच असते. हे स्क्रू दांड्याचे आटे चेपतात, हादऱ्यांनी ढिले होतात आणि खंबाटकीत हातात येतात. ज्या दांड्याला आटे आहेत, त्याला आट्यांचाच नॉब हवा. यात तडजोड नाही.

रिव्हर्सची कडी विसरू नका

रिव्हर्स गिअर चुकून पडू नये म्हणून प्रत्येक कंपनीने काही ना काही अटकाव केलेला असतो. काही गाड्यांत तो आतल्या यंत्रणेतच असतो. काहींत दांडा खाली दाबावा लागतो. रेनॉ डस्टर किंवा ह्युंदाई क्रेटा यांसारख्या गाड्यांत मात्र नॉबच्या खाली एक कडी असते आणि ती बोटांनी वर उचलल्याशिवाय रिव्हर्स पडत नाही. अशा गाडीला बिनकडीचा नॉब बसवला, तर घरापासून दुकानापर्यंत जाता येईल. परत फिरताना मात्र गाडी ढकलावी लागेल. अशा गाड्यांसाठी मूळ नॉब किंवा त्याच मॉडेलसाठी बनवलेला नॉबच घ्यावा.

नॉबवरच्या आकड्यांचेही तसेच. मारुतीच्या अनेक पाच गिअरच्या गाड्यांत रिव्हर्स उजवीकडे मागे असतो. सहा गिअरच्या नॉबवर नेमक्या त्याच जागी ६ आकडा छापलेला असतो. दिसायला छान म्हणून असा नॉब बसवला आणि कधी भावाने, कधी शेजाऱ्याने गाडी चालवायला घेतली, तर त्याने सहावा गिअर शोधायचा कुठे? गाडी एकट्याची असली, तरी ती अडीअडचणीला दुसऱ्याच्या हाती जाते. आकडे बरोबर आणि दिसतील असेच हवेत.

प्रत्यक्ष काम

गाडी सपाट जागी उभी करावी. इंजिन बंद करून किल्ली काढावी, हँडब्रेक ओढावा आणि चाकांच्या पुढे-मागे दगड वा विटा लावाव्यात. दांडा न्यूट्रलमध्ये आणायचा असल्याने ही काळजी आवश्यक आहे. हाताशी पक्कड, कात्री, चपटा स्क्रू ड्रायव्हर, जुने कापड, तारेचा लहान ब्रश आणि प्लॅस्टिकचे दोन-तीन केबल टाय असावेत. काढण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत. बसवताना त्यांचा उपयोग होतो.

बूटची खालची कड बहुधा प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेली असते आणि ती चौकट खटक्यांनी मधल्या कन्सोलमध्ये बसवलेली असते. चौकटीच्या कडेत प्लॅस्टिकची पट्टी किंवा निरुपयोगी झालेले बँकेचे कार्ड सरकवून ती अलगद उचकटावी. स्क्रू ड्रायव्हरच वापरायचा असेल, तर त्याला कापड गुंडाळावे, नाहीतर कन्सोलवर कायमचा ओरखडा राहतो. एका बाजूचे खटके सुटले, की उरलेली चौकट सहज वर येते. कडाक्याच्या थंडीत जुने प्लॅस्टिक ठिसूळ होते, तेव्हा सकाळी घाई करू नये. गाडी थोडा वेळ उन्हात उभी करावी.

येथे एक इशारा. अनेक गाड्यांत एअरबॅगचे नियंत्रण करणारा डबा याच मधल्या कन्सोलखाली असतो. त्याच्या वायरींना सहसा पिवळे आवरण असते. तिथे हातोडी मारू नये, वायरी ओढू नयेत, जोडणी सोडवू नये. नॉब आणि बूट बदलण्यासाठी त्यांना स्पर्श करण्याची गरजच पडत नाही.

चौकट सुटली, की मोजा उलटा करतात तसा बूट वर उलटा करावा. नॉबच्या खाली त्याचा गळा केबल टायने, तारेने किंवा प्लॅस्टिकच्या कडीने बांधलेला दिसेल. तो कापावा अथवा सोडवावा. आता नॉब डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा. हात घसरत असेल तर रबरी हातमोजा घालावा. दुसऱ्या हाताने दांडा घट्ट धरून ठेवावा. सगळा पीळ खालच्या जोडणीवर जाऊ देऊ नये. नॉब हटूनच बसला असेल, तर केस वाळवण्याच्या यंत्राने त्याला दोन-चार मिनिटे ऊब द्यावी. आत लावलेला गोंद सैल होतो आणि नॉब सुटतो. मोठ्या पान्याने झटके देण्याचा उपाय करू नये.

दांड्याचे आटे ब्रशने आणि कापडाने स्वच्छ करावेत. बसवताना क्रम महत्त्वाचा. आधी नवा बूट उलटा करून दांड्यावर घालावा, मग नॉब, असा तो क्रम. नॉब हातानेच फिरवावा. किमान पाच-सहा पूर्ण वेढे तरी आटे एकमेकांत गुंतायला हवेत. नॉब घट्ट झाला, पण आकडे भलत्याच दिशेला आले, असे पुष्कळदा होते. तेव्हा नॉब उलटा फिरवून सैल सोडून देणे, ही सर्वांत मोठी चूक. त्याऐवजी नॉबच्या खाली त्याच आट्यांचा एक पातळ नट बसवावा, नॉब हव्या त्या दिशेला आणावा आणि खालून तो नट नॉबला भिडवून आवळावा. यालाच लॉकनट म्हणतात. आट्यांवर कमी ताकदीचा, पुढे हाताने सोडवता येईल असा थ्रेड लॉकरचा एखादा थेंब चालतो. कायमचा चिकटणारा वापरला, तर पुढच्या खेपेला उष्णता देऊन झगडावे लागते.

शेवटी बूटचा गळा नॉबखाली केबल टायने आवळून बूट सरळ करावा आणि चौकट खटक्यांत दाबून बसवावी. कापडाची कड कुठे अडकलेली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे.

चाकणच्या पोलोची गोष्ट

आट्यांविना नॉबचे आपल्याकडचे ठळक उदाहरण म्हणजे फोक्सवॅगन पोलो. पुण्याजवळ चाकणला तयार झालेली ही गाडी २०१० मध्ये आपल्या बाजारात आली आणि २०२२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्यामुळे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक पोलो काही वर्षे वापरलेली आहे आणि अनेकींचे बूट बदलण्याच्या वयाला आले आहेत.

या गाडीत नॉब आणि बूट एकत्र, एकच वस्तू म्हणून येतात. चौकट उचकटून बूट उलटा केला, की नॉबच्या बुडाशी पत्र्याचा एक बारीक क्लॅम्प दिसतो. तो चिमटून बसवलेला आणि एकदाच वापरायचा असतो. पकडीने त्याचा उंचवटा कापला किंवा उघडला, की नॉब मोकळा होतो. तो फिरवायचा नाही. दोन्ही हातांनी सरळ वर ओढायचा. ओढताना चेहरा दांड्याच्या वर आणू नये. नॉब अचानक सुटतो आणि स्वतःच्याच मुठीचा ठोसा स्वतःच्या हनुवटीवर बसतो, असा अनेकांचा अनुभव आहे.

नवा जोड पूर्ण खाली बसेपर्यंत दाबावा, आकडे सरळ करावेत आणि नवा क्लॅम्प लावावा. चिमटण्याचे खास हत्यार नसेल, तर स्क्रूने आवळता येणारा लहान क्लॅम्प वापरता येतो. चांगल्या प्रतीचा केबल टायही चालतो, परंतु तो अधूनमधून तपासावा लागतो. या गाडीत दांडा खाली दाबून रिव्हर्स पडतो, म्हणजे नॉबवर वरूनही दाब येतो. तो नीट बसला आहे की नाही, हे रिव्हर्स टाकून पाहिल्यावरच कळते.

बूट शिवून घेताना

नवा बूट तयार मिळत नसेल, तर आसनांची कव्हरे शिवणाऱ्याकडून तो शिवून घेता येतो आणि पुष्कळदा तयार बूटपेक्षा चांगला होतो. जुना बूट फेकू नये. त्याची शिवण उसवून तुकडे सपाट केले, की तोच नमुना. शिवणीसाठी सोडलेली कड त्यात धरायला विसरू नये, अन्यथा नवा बूट एक माप लहान होतो.

लहान बूट हा केवळ दिसण्याचा दोष नाही. दांडा पाचव्या गिअरच्या किंवा रिव्हर्सच्या कोपऱ्यात जातो, तेव्हा बूट सर्वांत जास्त ताणला जातो. कापड जाड किंवा अपुरे असेल, तर ते दांड्याला मागे ओढत राहते. गिअर पूर्ण पडत नाही किंवा धक्का बसताच निसटतो. म्हणून कापड पातळ आणि लवचिक असावे. सोफ्याचे जाड रेक्झिन नको. दांडा प्रत्येक कोपऱ्यात नेल्यावरही बूटला थोडी सुरकुती उरायला हवी. पूर्ण ताणलेला, गुळगुळीत, देखणा बूट हा चुकीचा शिवलेला बूट समजावा.

जड नॉबचा मोह

आता थोडे हौशी वाचकांसाठी. पोलादी नॉब बसवला, की गिअर 'लोण्यासारखे' पडतात, असे सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण मर्यादित. पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट जड. दांड्याच्या टोकाला वजन असले, की हालचाल सुरू झाल्यावर त्याचा जोम टिकून राहतो आणि गिअर पडण्याआधीचा बारीकसा अडथळा हाताला कमी जाणवतो. होंडाने २०२० मध्ये सिव्हिक टाईप आर या वेगवान गाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नॉबमध्ये ९० ग्रॅमचे वजन दडवले, ते याच कारणासाठी. मात्र ते वजन त्या गाडीची जोडणी ध्यानात घेऊन ठरवलेले होते. झिजलेल्या बुशांच्या जुन्या गाडीवर तिप्पट जड गोळा ठेवला, तर तो खड्ड्यांतून हिंदकळतो, खडखडतो आणि सैल जोडणीला आणखी सैल करतो.

उंचीचेही असेच गणित आहे. दांडा ही तरफ आहे. टेकूपासून नॉबपर्यंत अंतर ३० सेंटिमीटर असेल आणि नव्या नॉबने ते ३ सेंटिमीटरने वाढले, तर हाताचा प्रवास १० टक्के वाढतो आणि लागणारा जोर सुमारे ९ टक्के घटतो. बुटका नॉब घेतला, तर प्रवास कमी आणि जोर जास्त. दोन्ही फायदे एकाच वेळी देणारा नॉब अजून कोणी बनवलेला नाही. धातूच्या नॉबबाबत आपल्या हवामानाचाही विचार हवा. मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला दुपारभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीतील धातूचा नॉब धरणे म्हणजे तवा धरणे होय. चामडे किंवा साधे प्लॅस्टिक तिथे अधिक सोयीचे.

नॉब कोणताही असो, त्यावर हात टेकवून गाडी चालवण्याची सवय मात्र मोडायला हवी. हाताचे वजन दांड्यातून आतल्या सिलेक्टर फोर्कपर्यंत पोहोचते. तो फोर्क फिरत्या भागाला घासत राहतो आणि अकाली झिजतो. गिअर टाकावा आणि हात स्टिअरिंगवर न्यावा, हे शिकवणीच्या वर्गात सांगितलेले वाक्य यांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे.

कायद्याची अडचण नाही, पण...

नोंदणी प्रमाणपत्रातील माहितीशी विसंगत ठरेल, असा बदल गाडीत करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. नॉब वा बूट बदलल्याने त्या नोंदीत काही फरक पडत नाही. गाडी वॉरंटीत असेल, तर अधिकृत केंद्रात आधी विचारून घेणे श्रेयस्कर. ऑटोमॅटिक गाडीच्या मालकांनी हा लेख वाचून पक्कड हाती घेऊ नये. त्या दांड्यावरचे बटण आतल्या कुलपाला जोडलेले असते, तिथे वायरीही असू शकतात. ते काम जाणकाराचेच.

काम झाल्यावर ही परीक्षा घ्या

* इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून प्रत्येक गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहा. बूट कुठेही ताणता कामा नये.
* नॉब सरळ वर ओढा, मग दोन्ही दिशांना पिळा. तो किंचितही हलला, तर गाडी रस्त्यावर नेऊ नका.
* आकडे सरळ आणि गाडीच्या रचनेशी जुळणारे आहेत, याची खात्री करा.
* प्रथम मोकळ्या मैदानात किंवा सोसायटीच्या आवारात सावकाश चालवून पाहा.
* आठवड्याने आणि लांबच्या प्रवासाआधी नॉब पुन्हा एकदा पिळून बघा.
* जुना नॉब फेकू नका. गाडी विकताना किंवा नवा बिघडल्यास तोच कामी येतो.

यातील कोणत्याही गोष्टीला फार पैसे लागत नाहीत. साधा नॉब काहीशे रुपयांत मिळतो, मूळ कंपनीचा किंवा चामड्याचा जोड काही हजारांपर्यंत जातो. फरक पडतो तो निवडताना घेतलेल्या पाच मिनिटांच्या काळजीने.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या गाडीला आता दिसायला अगदीच साधा, काळा, आट्यांचा नॉब आहे. खाली लॉकनट आहे आणि स्वारगेटच्या एका कारागिराने जुन्यावरून शिवून दिलेला बूट आहे. पुढच्या फेरीत खंबाटकीच्या त्याच वळणावर पुन्हा उसाचा ट्रक आडवा आला. क्लच दाबला, दांडा मागे ओढला आणि दुसरा गिअर पडला. मागे आई आणि मुलगी गप्पा मारत होत्या. त्यांना काही कळलेही नाही.